पाणी किती वाजता येतं?

सोलापूरच्या माणसाशी पाण्याबद्दल बोलायचं तर आकडे लागतात. ‘उजनी किती टक्के?’ हा प्रश्न आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत, भिशीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही विचारता येतो आणि उत्तर कुणाला ना कुणाला ठाऊक असतंच. धरणात एकूण मावतं ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलं जाणारं तळचं पाणी. म्हणजे धरण निम्म्याहून जास्त भरलेलं असतानाच पेपरात शून्य टक्के छापून येतं आणि उन्हाळा लांबला की उजनी ‘मायनसमध्ये’ जाते. समोर डोळ्यांना पाणी दिसतंय आणि ते वजा वीस टक्के आहे असं शांतपणे सांगणारी माणसं आम्हीच. त्यात नळ चार-पाच दिवसांआड. कधी भर दुपारी, कधी पहाटे तीनला. कुणीतरी ‘पाणी आलंऽऽ’ म्हणून गल्लीत ओरडलं की झोपलेला माणूस जागा होतो आणि जेवत असलेला ताटावरून उठतो. तेव्हा ‘पाणी किती वाजता येतं?’ हे वाक्य आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल, याचा हिशेब नको.

अशा गावातल्या आम्ही दोघी, पन्नाशीला टेकलेल्या, समुद्राकाठी तंबू ठोकून रात्र काढायला निघालो.

माझी मैत्रीण शाळेत भूगोल शिकवते. फळ्यावर एका दमात गोल पृथ्वी काढते, तिच्या दोन बाजूंना फुगलेलं पाणी, कोपऱ्यात चंद्र. पौर्णिमा-अमावस्येची मोठी, उधाणाची भरती, अष्टमीची लहान, भांगाची भरती, खारे वारे, मतलई वारे, हे सगळं तिनं मुलांच्या कितीतरी तुकड्यांकडून घोकून घेतलंय. पण समुद्र तिनं पाहिला होता तो माझ्यासारखाच. गणपतीपुळ्याचं दर्शन, पाय ओले करणं, उंटावरचा एक फोटो आणि ‘अंधार पडायच्या आत घाट चढायला पाहिजे’ म्हणत परत गाडीत. तास-दीड तासात समुद्राचा जो काही तुकडा दिसेल तेवढाच. भरती बघितली तर ओहोटी नाही, ओहोटी बघितली तर भरती नाही. एकदा स्टाफरूममध्ये डबा खाताना हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला ते फार लागलं. ‘अगं, मी न बघितलेल्या गोष्टीचे मार्क कापते पोरांचे,’ असं मला फोन करून म्हणाली. तंबू तिच्या भाच्याकडून आला. मला विचारणं वगैरे काही झालं नाही, ‘शनिवारी निघायचंय’ एवढंच कळवण्यात आलं.

घरी सांगितल्यावर सासूबाईंनी एकच विचारलं, ‘का गं, तिथं लॉज नाहीत का?’

खरं म्हणजे उघड्यावर झोपणं सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. एप्रिल-मेमध्ये भिंती रात्री बारापर्यंत तापलेल्या असतात. सतरंज्या, चादरी, तांब्याभांडं घेऊन अख्खं घर गच्चीवर. शेजारची गच्चीही तशीच, पलीकडचीही. कोण घोरतं हे गल्लीला माहीत असतं. त्यामुळं सामानाची यादी करायला आम्हाला पाच मिनिटं पुरली. पिण्याच्या पाण्याचा जार, हात धुवायला वेगळा कॅन, दोन सोलापुरी चादरी, टॉवेल, टॉर्च. खायला मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदे. कडक भाकरी आमच्या कोरड्या हवेत कितीही दिवस राहते. तिच्या भरवशावर माणूस कुठंही जाऊ शकतो अशी आमची समजूत.

रस्ता सोपा. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्या गावावरूनच जातो. तोंड पश्चिमेला करून निघालं की मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर, पण मिरजेपर्यंत त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. घाटात मात्र बाई खुलल्या. सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, साडेचारशे मीटरच्या आसपास. ‘ती उंची जिथून मोजतात तिथं चाललोय आपण,’ असं म्हणाली आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं. समुद्र कुठं एका जागी थांबतो? वर्षानुवर्षांच्या भरती-ओहोटीच्या नोंदी घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची, ती झाली सपाटी. म्हणजे इथंही कागदावरचाच आकडा. मला उजनी आठवली, पण घाटात वळणं फार होती, बोलले नाही.

आमचा मुक्काम गणपतीपुळ्याच्या पुढं, मालगुंडच्या बाजूला. केशवसुतांचं गाव. त्यांचं घर बघून घेतलं, आणि तीनच्या सुमाराला एका नारळाच्या वाडीत पोचलो. वाडीच्या कुंपणापलीकडं सुरूची झाडं आणि झाडांपलीकडं तो. वाडीवाल्या काकांनी आम्हाला, गाडीला आणि गाडीतून उतरणाऱ्या पाण्याच्या जारला नीट न्याहाळलं.

‘विहीर आहे की हो आमची. पाणी कशाला आणलंत एवढं?’

‘सोलापूरहून आलोय,’ मी म्हटलं. त्यांना काय समजायचं ते समजलं.

तंबू कुठं लावायचा यावर मैत्रिणीचं मत तयार होतं, पण काका तिला किनाऱ्यावर घेऊन गेले. वाळूत एक लांबलचक वेडीवाकडी रेघ होती. वाळलेल्या काटक्या, सुरूची फळं, शिंपल्यांचा चुरा, थर्माकोलचे तुकडे, एक निळी चप्पल. ‘ही पुनवेची,’ काका म्हणाले. पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र इथवर येऊन कचरा ठेवून गेला होता. ‘आज इथं यायचा नाही. भांगाचं पाणी आहे. तरी तंबू रेघेच्या वरच लावायचा.’

मग मैत्रिणीनं तो प्रश्न विचारला. सवयीनंच विचारला असणार. ‘काका, पाणी किती वाजता येतं?’

काकांनी घड्याळ पाहिलं नाही की मोबाइल काढला नाही. ‘आज वद्य अष्टमी. आठाची पाऊणपट किती?’

‘सहा.’

‘सहाला भरलं. बाराला उतरलं. उद्या नवमी, पावणेसात.’

तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. एवढंच. मी त्या माणसाकडं बघतच राहिले. अख्ख्या अरबी समुद्राचं वेळापत्रक पावकी-निमकीत बसवून हा माणूस नारळ सोलायला निघून गेला. आमच्या गल्लीत दोन पाण्याच्या टाक्या आणि एक व्हॉल्व्ह यांचा अंदाज अजून कुणाला बांधता आलेला नाही. बाईंनी पुस्तकातलं आठवलं. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, काकांच्या हिशेबानं ४५. एरवी मुलांना अर्ध्या मार्कासाठी रडवणारी ही बाई, पण पाच मिनिटांवरून काकांशी भांडली नाही.

तंबूच्या खुंट्यांनी मात्र दमवलं. आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चप्पल सोडवून घ्यावी लागते, पण खुंटी ठोकली की ती आपल्या जागी राहते. वाळूला धरून ठेवणं माहीतच नाही. खुंटी आत जाते तशीच वर येते. शेवटी काकांनी खताच्या रिकाम्या पिशव्या दिल्या. त्यात वाळू भरली, तोंडाला दोरी बांधली आणि पिशव्याच हातभर खोल पुरल्या. मग तंबू हलला नाही.

पाणी चढत होतं तेवढ्या वेळात मी ओल्या वाळूवर बसून खेकडे बघितले. खेकडे म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. बारीकशा बिळातून एक बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी भराभरा वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीपेक्षा थोडी मोठी गोळी करून मागं टाकतो. बिळापासून सरळ रेषेत जातो, परत येतो, थोडा कोन बदलून पुन्हा जातो. अर्ध्या तासात बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी उमटतात, ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या. माझी सावली पडली की सगळे गुडूप. हलले नाही तर मिनिटभरात पुन्हा कामावर. मग लाटेची पातळ जीभ आली आणि एका घराची रांगोळी पुसून गेली. पुढच्या लाटेला दुसऱ्याची. त्यात कुणाची काही तक्रार दिसली नाही.

सहाला पाणी थांबलं. अगदी ठोक्याला नाही, दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं, पण थांबलं ते पुनवेच्या रेघेच्या कितीतरी खाली. मैत्रिणीनं तिथं एक काठी रोवली आणि विजयी चेहऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. पाण्यात मात्र गुडघ्याच्या वर गेलो नाही. या किनाऱ्याचा उतार आणि ओढ फसवी आहे, बाहेरून आलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी असतात. तसा फलकही आहे. फलकासमोर सेल्फी काढणारेही होते.

जेवण झालं. दिवसभर समुद्रावरून येणारा वारा हळूहळू मंदावत गेला आणि साडेनऊ-दहाच्या सुमाराला पानही हलेना. तंबूत गुदमरल्यासारखं झालं, बाहेर डास. मी मनातल्या मनात लॉजचा विचार करत होते. तेवढ्यात मैत्रीण ताडकन उठून बसली. ‘थांब, थांब, वास आला तुला?’

आला होता. आंब्याच्या मोहराचा. आणि त्यामागं थोडा गोठ्याचा, चुलीच्या धुराचा. समुद्राकडं मोहर नसतो. वारा फिरला होता. तंबूचं दार समुद्राकडं, आणि आता मागची कनात हळूच आत फुगत होती. जमीन लवकर थंड होते, पाणी उशिरा, म्हणून रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडं. हे वाक्य तिनं हजारदा फळ्यावर लिहिलंय. आत्ता ती तंबूच्या मागं जाऊन अंधारात, गाऊनवर, दोन्ही हात पसरून उभी होती आणि ‘मतलई! मतलई!’ असं चक्क ओरडत होती. वाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

बाराचा गजर लावला होता. मध्यरात्री पाण्यासाठी उठणं आम्हाला नवं नाही, पण बादली न घेता उठलो ते पहिल्यांदाच. टॉर्च घेऊन काठीपर्यंत गेलो. समुद्र तिथं नव्हता. आवाज तेवढाच, पण पाणी खूप आत सरकलेलं, आणि मधला सगळा पट्टा ओला, घट्ट, चालायला सिमेंटसारखा. मैत्रिणीनं काठीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजली आणि आकडा वहीत लिहिला. तो आकडा ती आता दरवर्षी सातवीच्या वर्गाला सांगणार, हे मला तिथंच कळलं. मागच्या डोंगरावरून अर्धा चंद्र वर यायला लागला होता. ‘अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच उगवतो,’ तिनं सांगितलं. मी म्हटलं, ‘बाई, आता तास संपवा, थंडी वाजतीय.’

सकाळी कळलं की सोलापूरचं काहीच इथं टिकत नाही. टॉवेल काल संध्याकाळी वाळत टाकलेला, तो टाकला होता त्यापेक्षा ओला. खाऱ्या हवेतलं मीठ कपड्यात बसतं आणि ओल धरून ठेवतं. चादर तशीही वजनदार, ती आता दोघींनी मिळून झटकावी लागली. आणि भाकरी! मोडताना कडाऽऽक आवाज यायला पाहिजे तिथं ती मुकाट्यानं वाकली. पार सादळलेली. मैत्रिणीनं भाकरीचा तुकडा बोटांत धरून वाकवून बघितला, पुन्हा वाकवून बघितला, आणि म्हणाली, ‘आर्द्रता.’

काकू हसल्या. त्यांनी भाकरी आमच्या हातातून घेतल्या आणि चुलीच्या निखाऱ्यांवर एकेक धरून पुन्हा कडक करून दिल्या. वर गरम घावन आणि ओल्या नारळाची चटणी. आम्ही शेंगाचटणी पुढं केली. ‘तिखट आहे हां काकू,’ असं बजावलं होतं. त्यांनी चिमूटभर घेतली, डोळ्यांत पाणी आलं, तरी डब्यातली निम्मी काढून ठेवून घेतली. ‘आमच्या ह्यांना होईल,’ म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत मैत्रीण गप्प होती. दमली असेल असं वाटलं. ती मोबाइलवर पंचांग बघत होती.

‘भांगाची बघून झाली,’ ती म्हणाली. ‘आता उधाणाची बघायची. अमावस्येला जाऊ.’

‘अमावस्येला? आमच्या घरी अमावस्येला कुणी वेशीबाहेर सोडत नाही. समुद्राकाठी, तंबूत, त्यातून बायकाच दोघी. सासूबाई आडव्या पडतील दारात.’

‘बरं, मग पौर्णिमा.’

‘पौर्णिमेला त्यांचं सत्यनारायण असतं. प्रसादाचा शिरा मला करावा लागतो.’

तिनं बराच वेळ विचार केला. सांगोला मागं पडला.

‘प्रतिपदा चालेल,’ ती म्हणाली. ‘उधाण एक-दोन दिवस टिकतं. तू शिरा करून ये.’