तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नाशी उलटल्यावर क्लबमध्ये कशाला जाता?

"काकू, तुम्ही खरंच पुण्याला क्लबमध्ये नाचायला जाता?" हे मला लिफ्टमध्ये विचारून झालंय, ऑफिसात विचारून झालंय, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर वाण हातात देता देता विचारलं एकीने. मी बावन्न वर्षांची आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते, आणि हो, दोन-अडीच महिन्यांतून एकदा शनिवारी सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला मुलीकडे जाते, दुपारी पडदे ओढून दोन तास झोपते आणि रात्री नाचायला जाते. दरवेळी तेवढ्यापुरतं काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेते, पण एवढ्या जणांनी विचारलंय तर एकदा नीट सांगते.

आधी एक गैरसमज. आपल्या सोलापुरात "डान्स क्लब" म्हणलं की समोरच्याला "डान्स बार" ऐकू येतं. 2005 साली राज्यात त्यावर बंदी आली, मग कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, तो शब्द लोकांच्या डोक्यात घट्ट बसलाय त्यात त्यांचा काही दोष नाही. माझ्या जाऊबाईंनी तर मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं होतं, "अगं, घरी काही पैशाची अडचण आहे का?" त्यांना खरंच काळजी वाटली होती, म्हणून मीही त्यांना नीट बसवून सांगितलं. डान्स बारमध्ये बाई नाचते आणि पुरुष बघतात. मी जाते तिथे सगळे नाचतात आणि बघायला कोणी उरतच नाही. माझ्या दृष्टीने सगळं इथेच आहे, बाकीचं पुढे सांगते ते याचंच.

मी लहानाची मोठी झाले साखर पेठेत. तेव्हा गणपती विसर्जनाला रस्त्यावरून मंडळांमागून मंडळं जायची, पुढे लेझीम, मागे ढोल-ताशा, शंभर-शंभर पोरं एका ठेक्यात वाकतायत, वळतायत, लेझमीचा तो छन्न आवाज अंगातून जायचा. आम्ही मुली ओट्यावर. आई मागून फ्रॉक धरून उभी. पाय नुसते शिवशिवायचे आणि ओट्याच्या खाली उतरायचं नाही. आता मुलींची पथकं निघतात, नऊवारी नेसून, फेटे बांधून, बघताना माझा गळा दाटून येतो. पण माझ्या वेळेला ते नव्हतं ते नव्हतंच. नंतर लग्न झालं, लग्नात नाचता येतं म्हणाल तर येतं, पण तिथे हळदीत तुम्ही कोणाची तरी वहिनी असता, वरातीत कोणाची तरी मावशी, चौघी हात धरून ओढतात, दोन स्टेप करायच्या, पदर सावरायचा, हसायचं आणि तेवढ्यात समोर पाच मोबाइल उभे. दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ. याला नाच म्हणत असतील, मला तो हजेरी लावल्यासारखा वाटतो.

2017 मध्ये मुलगी पुण्यात शिकत होती, तिच्या वाढदिवसाला मी गेले होते. रात्री मैत्रिणींबरोबर ती एका ठिकाणी निघाली होती, मी म्हणलं मी पण येते, घरात एकटी काय करू. "आई, तिथे गाणी नसतात, तू कंटाळशील." मी म्हणलं असू दे की. आत गेले तर खरंच गाणी नाहीत, शब्दच नाहीत, अंधार, धूर, एका कोपऱ्यात निळा दिवा आणि एक ठोका, धप धप धप धप, एकसारखा. दहा मिनिटं मला काहीच कळेना. मग वरून एक बारीक झांजेसारखा आवाज आला, मग खालून जाडसर काहीतरी सरकत आलं, आणि माझ्या लक्षात आलं की गाणं संपतच नाहीये, एक संपायच्या आत दुसरं त्याच्या पोटातून बाहेर येतंय, कधी बदललं ते कळत नाही. आणि मी हलतेय. किती वेळ हलतेय ते माहीत नाही. आजूबाजूला बघितलं तर कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. एकही माणूस नाही! चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात चारचौघांत असूनही कोणाचीच नजर अंगावर नाही असं मला त्या रात्री पहिल्यांदा झालं, सांगून पटणार नाही पण रडू आलं मला, अंधारात तेही कोणी बघितलं नाही.

त्या संगीताला हाउस म्हणतात हे मुलीने नंतर सांगितलं. मग मी माझ्या सवयीप्रमाणे मुळाशी गेले. 1977 मध्ये अमेरिकेत शिकागोला वेअरहाउस नावाचा क्लब सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे रेकॉर्ड वाजवायचा, आणि हाउस हे नाव त्या वेअरहाउसवरूनच पडलं. तिथे यायचे कोण, तर बहुतेक काळे आणि लॅटिनो समलिंगी तरुण, ज्यांना बाकी शहरात मोकळेपणी नाचायला जागाच नव्हती. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसले होते. मी कुठे, ते कुठे, त्यांचं दुःख माझ्यापेक्षा कितीतरी मोठं, तरी तो अंधार कशासाठी केला होता ते मला न सांगता कळलं होतं. बर्लिनमधल्या काही क्लबांत आजही दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. मला वाटतं हे आपल्याकडे सगळीकडे करावं, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा.

आणि "या वयात?" असं विचारणाऱ्यांना मी चरणजित सिंग यांचं नाव सांगते. मुंबईत हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक. 1982 साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची रेकॉर्ड काढली, तेव्हा कोणी फारशी विचारली नाही. पुढे 1987 मध्ये शिकागोची ॲसिड हाउसची, म्हणजे हाउसच्याच एका प्रकाराची, पहिली रेकॉर्ड बाहेर आली, तिचा आवाज याच्याच सख्ख्या भावंडासारखा, कारण बेसचं यंत्र तेच, टीबी-303. 2010 मध्ये चरणजितजींची ती जुनी रेकॉर्ड परत निघाली आणि जगभरच्या लोकांनी डोळे चोळले. सत्तरी ओलांडल्यावर हा माणूस युरोपात जाऊन तेच राग वाजवून आला, पोरं समोर नाचली. 2015 मध्ये ते गेले. त्यांना भेटायला मिळालं असतं तर मी पाया पडले असते.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय हे पुरं होत नाही. दादा मिलमध्ये मागावर होते. भोंगा झाला की निघायचे. मिल बंद पडल्यावर आमच्याच बोळातल्या एका पॉवरलूमच्या शेडमध्ये लागले. त्या बोळात झोपायचं म्हणजे मागाच्या आवाजात झोपायचं, खटाक खटाक खटाक, आणि रात्री लाइट गेली की त्या शांततेने जाग यायची. साध्या मागाचा धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तुकडा, मिनिटाला साधारण सव्वाशे-दीडशे वेळा फेकला जातो, आणि हाउसचा ठोका मिनिटाला एकशे वीस ते एकशे तीस. मी हा हिशोब मांडला तेव्हा मला वाटलं, सापडलं, म्हणूनच तो आवाज मला परका वाटला नाही!

दादांना आता फार कमी ऐकू येतं, तीस-पस्तीस वर्षं मागाशेजारी उभं राहिल्याची ती देणगी. एकदा त्यांनी विचारलं, तू जातेस तिथे वाजवतात काय. ओरडून सांगण्यापेक्षा मी त्यांचा तळहात माझ्या मांडीवर घेतला आणि त्यावर ठोका धरला, एक दोन तीन चार, म्हणलं बघा दादा, अगदी माग. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ घेतलं. मग मान हलवली. "नाही गं. माग असा सरळ नाही चालत." आणि माझाच हात उलटा करून त्यावर दाखवायला लागले, धोटा फेकल्याचा एक जोरात, ते सूत ठोकून बसवणारी फणी येऊन आदळते तो त्याच्या किंचित मागून, मग पुन्हा धोटा पण दुसऱ्या बाजूने, तो जरा हलका, कारण प्रत्येक मागाची एक बाजू ढिली असते म्हणे. "दोन माग कधी एकासारखे वाजत नाहीत. मी आवाजावरून सांगायचो कुठल्या नंबरचा अडकणार आहे ते." बोटं सुजलेली, नखं जाड झालेली, पण ठेका असा की मी तो अजून विसरले नाही. मग पुढच्या वेळी क्लबमध्ये नीट ऐकलं तर चांगला डीजे नेमकं हेच करतो, मुख्य ठोका सरळ ठेवतो आणि बाकीचे आवाज केसभर मागे-पुढे सरकवतो, अंग हलतं ते त्या केसभरामुळे. हे मला दादांनी शिकवलं.

त्यांच्यामुळेच मी कानात प्लग घातल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. यावर मी कोणाचंही ऐकून घेत नाही. आठ तास सहन होणारा आवाज पंचाऐंशी डेसिबल धरतात, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो, म्हणजे शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. क्लबमध्ये शंभर सहज होतात. संगीताचे वेगळे प्लग मिळतात, त्याने आवाज बसका होत नाही, फक्त पंधरा-वीस डेसिबल खाली येतो. आपल्याकडे मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर लोक लहान लेकरांना खांद्यावर घेऊन उभे असतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. कान एकदा गेला की परत येत नाही ओ, माझ्या घरात बघा.

बाकीचे प्रश्न पटापट. पीत नाही, मला चढलेलं असताना ठोका ऐकू येत नाही. गुडघे दुखतात, पण कमी दुखावेत म्हणून मी पाय आपटत नाही, जाड तळाचे बूट घालते आणि जमिनीला चिकटून नाचते. साडेनऊलाच जाते कारण तेव्हा जागा असते, आणि पुण्यात दीडला बंदच होतं, त्यामुळे पहाट वगैरे काही होत नाही. नवरा येत नाही, त्यांना आवाज सोसत नाही, पण स्टेशनवर सोडायला तेच येतात आणि डब्यात कडक भाकरी, शेंगा चटणी तेच भरून देतात, कारण रात्री दीडला पुण्यात मला त्याच्याइतकं काही गोड लागत नाही.

आणि एक प्रश्न असा, जो बायका एकट्यात गाठून विचारतात. "मला नेशील का?" गेल्या वर्षी ऑफिसातली एक जण आली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पंजाबी ड्रेस, पर्स छातीशी दोन्ही हातांनी धरलेली. मी तिला आधीच सांगितलं होतं की मी तुझ्याकडे बघणार नाही, नाच म्हणून आग्रह करणार नाही, निघावंसं वाटलं तर फक्त खांद्याला हात लाव, लगेच निघू. चाळीस-पन्नास मिनिटं ती भिंतीला टेकून उभी. मी खरंच बघितलं नाही. मग डीजेने ठोका काढून घेतला, नुसता एक लांबलेला सूर राहिला, सगळी गर्दी थांबून वाट बघतेय, आणि ठोका परत आला तेव्हा माझ्या पायाला काहीतरी लागलं म्हणून खाली बघितलं. तिची पर्स होती. तिने ती आमच्या दोघींच्या मधे जमिनीवर ठेवली होती, पट्टा नीट आत दुमडून.