दुकानातला पावसाळी दिवस

आज दिवसभर पाऊस. इंदिरानगरात गिऱ्हाईक तुरळक, पण माझं लक्ष ह्युमिडॉरच्या, म्हणजे सिगार ठेवायच्या ओलावा राखणाऱ्या पेटीच्या, काट्याकडेच. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. वाढली की बुरशी, घटली की वरचं पान तडकतं. नाशिकच्या पावसाळ्यात आणि कोरड्या हिवाळ्यातही हा माल लेकरासारखा जपावा लागतो.

संध्याकाळी दोन पोरं आली. एकाचं वय सतरा. परत पाठवली. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने अठराच्या आतल्यांना विकता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी दिली नसती. शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांची अट आहे म्हणून तर कॉलेज रोडचा झकास गाळा सोडला!

मग एक काका आले, पहिल्यांदाच घेणारे. धूर छातीत ओढायचा नाही म्हटलं, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका तरीही राहतो, हेही सांगितलं. विचार करून येतो म्हणाले. जरूर करा, काका.