हाकेच्या अंतरावर

आज्जीला मी एकदा शिडीचा प्रश्न विचारला होता. जागतिक आनंद अहवालासाठी देशोदेशीच्या लोकांना हाच विचारतात. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, वर तुमचं सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाला सगळ्यात वाईट. आत्ता तुम्ही कुठल्या पायरीवर?

आज्जी म्हणाली, "कंच्या घरातली शिडी? जुन्या का नव्या?"

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातलं आमचं जुनं गाव 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात पडलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा निजलेली. चार वाजायच्या आधी जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती माळवदासकट, म्हणजे मातीच्या सपाट छपरासकट, खाली आल्या. धाकटा काका त्यात गेला. मी नऊ वर्षांची होते.

पुढं पुनर्वसनाचं गाव वसलं. रुंद रस्ते, सरळ ओळी, ज्याची जेवढी जमीन त्याप्रमाणं घर: 250, 400 नाहीतर 750 चौरस फूट. घर पक्कं होतं, रात्री झोप लागायची, त्याचं मोल मला कळतं. पण जुन्या गल्लीत आमच्या माळवदाला शेजारच्या मोठीमायचं माळवद लागून होतं. आज्जी चुलीपुढूनच तिला विस्तव मागायची, कालवण द्यायची, भांडायचीसुद्धा. मोठीमायला जमीन नव्हती. तिचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. आज्जी दुपारभर नव्या दारात बसून राहायची. "घर चांगलं हाय माय," म्हणायची, "पर हाक मारली तर कुनाला ऐकू जात न्हाई."

त्याच अहवालात आणखी एक प्रश्न असतो: अडचणीत केव्हाही धावून येतील असे नातलग किंवा मित्र तुम्हाला आहेत का? उत्तर फक्त हो किंवा नाही. देशादेशांतल्या सुखाचा फरक ज्या सहा गोष्टींवरून समजावून सांगतात, त्यांतली ही एक. उत्पन्न आणि निरोगी आयुष्यही त्यात आहेत, आणि असायलाच हवेत. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. तेव्हा घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला नात्यागोत्याचं सुख सांगायची माझी हिंमत झाली नसती. पण घागर भरल्यावरही माणूस दाराकडं बघत बसतं, हे मी आज्जीच्या रूपानं वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

शिडीचा प्रश्न विचारला त्या वर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, बाबांनी मोठीमायला ऑटोनं शेतात आणलं. कडब्याच्या खोपीपुढं पूजा झाली, भज्जी-आंबील झालं. दोघी म्हाताऱ्या पेंढीला टेकून कुणाच्या तरी 40 वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या रुसव्यावर तावातावानं बोलत होत्या. मध्येच आज्जीनं मला हाक मारली.

"तुझ्या त्या शिडीवर आठ लिही."

"आणि घरी गेल्यावर?"

"ती आज आपल्याकडंच ऱ्हानार हाय. अंथरुण माझ्या शेजारी टाक."