पुण्यात कथबर्टसनी : चौदावा महिना

उघडली! माझ्या कथबर्टसनी ऑर्किडची, मागच्या नोंदीत मोहरीएवढी म्हणून सांगितलेली कळी काल पूर्ण उमलली. गडद लाल, ओठासारख्या पाकळीच्या टोकाशी काळपट. रोप जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं उंच आणि फूल जवळजवळ तेवढंच. वास घेऊन बघितला, काहीही नाही. पक्ष्यांना बोलावणारं फूल, त्याला वास कशाला!

डेंड्रोबियम कथबर्टसनी मूळचं न्यू गिनीच्या डोंगरांतलं. बहुतेक करून २,००० मीटरच्या वर, धुक्यात भिजलेल्या शेवाळी फांद्यांवर वाढतं. पानांवर बारीक पुरळ असतं, त्यामुळे कोरडी असतानाही ती दव पडल्यासारखी चमकतात. हाताला मात्र खरखरीत.

पहिलं रोप मी मारलं, आणि ते थंडीत. आपल्या सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बाटुलम, याच कुळीतलं ऑर्किड, पावसाळ्यानंतर पानं टाकतं आणि उघड्या काडीवर फुलतं. तीच सवय हाताला, म्हणून डिसेंबरात याचंही पाणी तोडलं. तीन आठवड्यांत काड्या सुरकुतल्या. याच्या गावी कोरडा ऋतूच नाही, तर झोपणार कधी? मुळांभोवतीचं मॉस (शेवाळ) बारा महिने ओलसर हवं. फक्त चिखल नको.

डोंगरातलं रोप, त्याला गारवा हवा; म्हणून दुसऱ्या रोपासाठी वाइन कूलर (वाइनच्या बाटल्यांचा छोटा फ्रिज) घेतला. मार्चपर्यंत झकास चालला. पण तो पेल्टिअरवाला, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेच्या चकतीने गार करणारा. बाहेरच्यापेक्षा ठरावीक अंशच खाली जातो. एप्रिलात खोली ३६ अंशांवर गेली तेव्हा आत २३ च्या खाली काटा हलेना, तेही रात्री. शेवटी जुना एकदारी फ्रिज काढला, तापमान नियंत्रक जोडला : दिवसा २२, रात्री १३. आता वेगळीच पंचाईत. फ्रिजची गार पट्टी हवेतली ओल ओढून घेते, पानांची टोकं वाळली. छोटा फॉगर (पाण्याचं धुकं करणारं यंत्र) आणि संगणकातला पंखा बसवल्यावर आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकली. पंखा विसरू नका, नाहीतर कोंब कुजतात.

पाणी आरओचंच, म्हणजे क्षार काढलेलं, देतो. खत अगदी पातळ, पंधरा दिवसांतून एकदा.

आईचं म्हणणं, एवढा फ्रिज अडवून टिकलीएवढं फूल? पण हे फूल कित्येक महिने टिकतं म्हणतात. कालची तारीख भांड्यावर लिहून ठेवली आहे. शेजारच्या काडीवर आणखी एक मोहरी दिसते आहे. कळीऐवजी पान निघालं नाही म्हणजे मिळवलं.