तुम्ही विचारलंत म्हणून : इतकं भांडून कधी कुणाचं मत बदलतं का?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणाऱ्याचा सूर बहुधा काळजीचा असतो, क्वचित कीव केल्यासारखा. फोनचं कुलूप, पोलिसांचे अधिकार, सरकारची नजर या विषयांवर मी गेली दहा-बारा वर्षं अनोळखी माणसांशी ऑनलाइन वाद घालते आहे. एवढ्या वेळात एखादं वाद्य शिकून झालं असतं, असं घरचे म्हणतात. तर, मत बदलतं का? बदलतं. एका व्यक्तीचं तर नक्कीच बदललं, ती म्हणजे मी. आणखी एका गृहस्थांचं थोडंसं बदललं, पण ते कबूल करायला त्यांनी आठ वर्षं घेतली.

हे गृहस्थ निवृत्त तपास अधिकारी आहेत. आमची भेट कधी झाली नाही, त्यांचं खरं नावही मला ठाऊक नाही. पहिली चकमक झाली २०१६ च्या फेब्रुवारीत.

२ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये एका जोडप्याने गोळीबार करून १४ जणांचा जीव घेतला. पोलिसांशी झालेल्या चकमकीत दोघेही मारले गेले. त्यातल्या नवऱ्याचा आयफोन ५सी एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या हाती लागला. फोन त्याच्या मालकीचाही नव्हता, तो ज्या काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनात) नोकरी करायचा तिचा होता. मालकाची परवानगी होती, पण फोन काही उघडेना. १६ फेब्रुवारीला न्यायालयाने ॲपलला मदत करण्याचा आदेश दिला आणि ॲपलने जाहीर नकार दिला. मी तावातावाने लिहिलं, ‘सरकारला एन्क्रिप्शन फोडून हवंय आणि कंपनी आपल्यासाठी उभी राहिली आहे.’ एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात मजकूर ठेवणं.

त्यावर या गृहस्थांचं उत्तर आलं : ‘मॅडम, आदेश वाचलात का? एन्क्रिप्शन फोडा असं त्यात कुठे लिहिलंय, तेवढं दाखवा.’

वाचला नव्हता. त्या रात्री वाचला. मागणी तीन गोष्टींची होती. दहा वेळा पिन चुकला की फोन आतला मजकूर कायमचा निकामी करतो, ती सोय बंद करा. चुकीच्या प्रयत्नांनंतर जास्त जास्त वेळ थांबावं लागतं, ते काढा. आणि पिन बोटाने न दाबता संगणकाकडून टाकता येईल असं करा. एन्क्रिप्शनला कुणी हातही लावणार नव्हतं. कुलूप तसंच राहणार होतं, फक्त पहारेकऱ्याला झोपवायचं होतं, म्हणजे जुडग्यातली एकेक किल्ली निवांत लावून बघता येईल.

मग मी हिशेब मांडला. त्या फोनला एक पिन तपासायला साधारण ८० मिलिसेकंद लागायचे. चार अंकी पिनच्या शक्यता १०,०००. म्हणजे सगळ्या तपासून व्हायला साडेतेरा मिनिटंसुद्धा नकोत. सहा अंकी पिन असेल तर बावीस तास. सहाच जागा, पण आकड्यांत इंग्रजी लहान अक्षरं मिसळली तर साडेपाच वर्षं. माझा स्वतःचा पिन तेव्हा चार अंकी होता. लोकांना गोपनीयतेवर प्रवचनं देत होते, आणि माझं सगळं आयुष्य साडेतेरा मिनिटांच्या कडीमागे ठेवलं होतं. मत बदलण्याच्या आधी मी पिन बदलला.

मी त्यांच्या बाजूला गेले, असं मात्र नाही. भांडण कशावरून आहे ते कळलं, एवढंच. अस्तित्वातच नसलेलं एक सॉफ्टवेअर लिहा आणि त्यावर तुमची डिजिटल सही करा, अशी सक्ती न्यायालय एखाद्या कंपनीवर करू शकतं का, आणि तीही १७८९ च्या एका सर्वसाधारण कायद्याच्या आधारावर? हा खरा प्रश्न होता. गृहस्थांचं म्हणणं, एकाच फोनचा तर प्रश्न आहे. माझं म्हणणं, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. काळाने फार वाट पाहायला लावली नाही. त्याच आठवड्यात मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील सायरस व्हान्स यांनी आपल्या कार्यालयात १७५ कुलूपबंद आयफोन पडून असल्याचं सांगितलं.

प्रकरणाचा शेवट मजेदार झाला. सुनावणी २२ मार्चला होती, आदल्या दिवशी सरकारने मुदत मागितली आणि २८ मार्चला अर्जच मागे घेतला. बाहेरच्या कुणीतरी फोन उघडून दिला होता. दोन वर्षांनी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. एफबीआयच्याच एका विभागाला अशी एक कंपनी माहीत होती, जिचं फोन उघडण्याचं काम जवळजवळ होत आलं होतं, पण त्या विभागाला वेळेवर कुणी विचारलंच नव्हतं. ॲपलशिवाय मार्ग नाही असं न्यायालयात सांगताना कुणी खोटं बोललं, असं अहवाल म्हणत नाही. एकमेकांना विचारलं नाही, इतकंच. मी हे गृहस्थांना कळवलं, तर म्हणाले, ‘शेजारच्या टेबलाला काही विचारायचं तर आधी फाइल हलावी लागते. तुम्ही कधी सरकारी नोकरी केली नाहीत, हे दिसतं.’

पण सगळेच वाद असे तपशिलावर होत असते तर काय हवं होतं! बहुतेक वाद खुर्चीवर कोण बसलंय यावर ठरतात. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हे आकड्यांत बघायचं असेल तर प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने छापलेली एक तुलना आहे. दहशतवाद रोखण्यासाठी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने लोकांच्या फोनवर नजर ठेवणं मान्य आहे का, असा प्रश्न होता. जानेवारी २००६ मध्ये, रिपब्लिकन पक्षाचे बुश अध्यक्ष असताना, ७५ टक्के रिपब्लिकन हो म्हणाले आणि डेमोक्रॅट फक्त ३७ टक्के. जून २०१३ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाचे ओबामा अध्यक्ष असताना, एनएसएची ही पाळत चव्हाट्यावर आणणाऱ्या स्नोडेनच्या गौप्यस्फोटानंतर लगेच, हो म्हणणारे रिपब्लिकन ५२ टक्क्यांवर आले आणि डेमोक्रॅट ६४ वर गेले. प्रश्नाची शब्दरचना दोन्ही वेळी तंतोतंत एक नव्हती हे मान्य, पण शब्दांच्या हेरफेराने इतकी उलथापालथ होत नाही.

हे आकडे मी अनेकांच्या तोंडावर फेकलेत. मग २०२१ उजाडलं. ६ जानेवारीला अमेरिकी संसदेच्या इमारतीत जमाव घुसला आणि तपासात गूगलकडून त्या जागी, त्या वेळेत असलेल्या फोनची माहिती मागवली गेली. ‘बरं झालं, सापडले’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. याला जिओफेन्स वॉरंट म्हणतात. नेहमीच्या वॉरंटमध्ये आधी संशयित असतो, मग त्याच्या घराची झडती. इथे उलटं. नकाशावर एक चौकट आखायची, वेळ ठरवायची आणि त्या वेळी चौकटीत असलेला प्रत्येक फोन चौकशीच्या जाळ्यात घ्यायचा. नाव-गाव मागाहून.

आता याच चौकटीची दुसरी गोष्ट. फ्लोरिडात एक माणूस रोज सायकलवर व्यायाम करायचा आणि किती अंतर झालं ते एका ॲपमध्ये नोंदवायचा. एका घरात चोरी झाली त्या दिवशी तो त्या घरावरून तासाभरात तीनदा गेला होता, कारण त्याची फेरीच तशी होती. २०२० च्या जानेवारीत त्याला गूगलची मेल आली की पोलिसांनी तुमची माहिती मागितली आहे, हरकत असेल तर सात दिवसांत न्यायालयात जा. कशाबद्दल, हेही त्याला माहीत नव्हतं. त्याने वकील केला, वकिलाने अर्ज केला आणि पोलिसांनी त्याला वगळलं. ‘कर नाही त्याला डर कशाला’ हे वाक्य माझ्यापुढे कुणी टाकलं की मला हा सायकलवाला आठवतो. त्याने काहीच केलं नव्हतं. पण डर होताच, वर वकिलाची फीही.

या पद्धतीला नंतर खीळ बसली ती प्रामुख्याने कुठल्या कायदेमंडळामुळे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की लोकांच्या हालचालींची ही नोंद यापुढे त्यांच्या फोनमध्येच राहील. ज्याच्याकडे वहीच नाही त्याच्याकडे पान मागता येत नाही. निकाल माझ्या मनासारखा लागला खरा, पण लोकांच्या हक्काचा इतका मोठा निर्णय एका कंपनीच्या घोषणेने व्हावा, हे मला अजून पचलेलं नाही. उद्या तिने वही परत उघडली तर?

माझं मत सरळ उलटं फिरलं ते २०२१ च्या जूनमध्ये. आमची बाजू वर्षानुवर्षं म्हणत आली होती की सगळ्यांची कुलपं खिळखिळी करू नका, गुन्हेगारांच्या मागे जा. एफबीआय गेलं. नुसतं गेलं नाही, तर गुन्हेगारांना ‘सुरक्षित’ फोन विकणारी ॲनोम नावाची सेवाच पडद्याआडून चालवली. १०० हून अधिक देशांत सुमारे १२,००० फोन, प्रत्येक निरोपाची प्रत पोलिसांकडे, आणि शेवटी ८०० वर अटका. प्रती एका तिसऱ्या देशातल्या सर्व्हरवर जमा व्हायच्या आणि दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी अमेरिकेला मिळायच्या. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी यावरही गळा काढला. मला ते जमेना. जे मागितलं तेच मिळालं होतं. तिसऱ्या देशाची ती वळणवाट खटकण्यासारखी आहेच, पण बाकी कारवाईला मी नावं ठेवू शकले नाही, आणि तसं लिहिलं. दोन जुन्या मैत्रिणींनी बोलणं टाकलं. एक परत आली.

आता गृहस्थांबद्दल. त्यांचा लाडका मुद्दा असा की कंपनीने कुलपाची एक जादा किल्ली ठेवावी, ती न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणाला देऊ नये, आणि असं केलं तर कुणाचं काय बिघडतं? मी त्यांना दर वेळी ग्रीस सांगायची. २००४ च्या ऑगस्टपासून पुढे सहा-सात महिने अथेन्समध्ये पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांच्यासह शंभरावर लोकांचे मोबाइल चोरून ऐकले जात होते. चोरांनी व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये नवं यंत्र बसवलं नव्हतं. पोलिसांना कायदेशीर टॅपिंग करता यावं म्हणून एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमध्ये जी सोय आधीपासून होती, तीच त्यांनी गुपचूप वापरली. चोरदरवाजा पोलिसांसाठी केला होता, शिरलं भलतंच कुणी. गृहस्थ म्हणायचे, ‘जुनी गोष्ट आहे. तेव्हा सुरक्षा कच्ची होती.’

२०२४ च्या शरद ऋतूत बातमी आली की चीनशी संबंध असलेली, सॉल्ट टायफून नावाने ओळखली जाणारी हॅकरांची टोळी अमेरिकेच्या मोठ्या फोन कंपन्यांत शिरली आहे. १९९४ च्या कायद्याने फोन कंपन्यांना टॅपिंगची जी सोय ठेवणं बंधनकारक केलं होतं, त्या यंत्रणेपर्यंतही ती पोचली होती. डिसेंबरात सरकारी अधिकारी पत्रकारांना सांगत होते की लोकांनी एन्क्रिप्टेड संदेशसेवा वापराव्यात. आणि त्या पत्रकार परिषदेत एफबीआयही होतं! मी बातमीवर एक शब्द न लिहिता ती गृहस्थांना पाठवली. दोन दिवस शांतता. मग उत्तर आलं : ‘किल्लीचा मुद्दा मागे घेतो. किल्ली सांभाळणारे मी नोकरीत पाहिलेत, आधीच समजायला हवं होतं.’

इथे थांबले असते तर मीच जिंकल्यासारखं वाटलं असतं. पण त्याच निरोपात पुढे त्यांनी विचारलं होतं : ‘मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो तुमच्या त्या बंद पेटीतून फिरतात. ते मी पाहिलेत, तुम्ही नाही. त्याचं काय करायचं, ते सांगा.’

मला यातलं थोडंफार माहीत आहे. अशा मजकुराच्या तक्रारी जिथे जमा होतात त्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेकडे २०२३ या एका वर्षात ३ कोटी ६० लाखांवर नोंदी आल्या. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये एक तोड काढली होती. आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात, जाणारे फोटो फोनमध्येच आधी सापडलेल्या अशा फोटोंच्या एका ठरलेल्या यादीशी ताडून बघायचे, आणि सुमारे ३० जुळले तरच माणसाने तपासायचे. दोन आठवड्यांच्या आत संशोधकांनी त्या ताडण्याच्या पद्धतीला फसवून दाखवलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने योजना सोडून दिली. तेव्हा मी आनंद साजरा केला होता. यादीत आज काय आहे याची मला काळजी नाही, उद्या कुठलं सरकार त्यात काय घालायला लावेल याची आहे. हे मी त्यांना लिहू शकले असते. त्यात खोटं काही नाही. पण तो त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा जबाब नाही, हे मला टाइप करतानाच कळत होतं.

मी लिहिलं, ‘विचार करून सांगते.’ त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही. त्यांना आठ वर्षं लागली होती, त्या मानाने माझ्याकडे अजून वेळ आहे.