नववा फोटो, तिसरं नाव

साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, दहा बाय वीस. रात्री साडेअकराला फोन आला. "तिसऱ्या ओळीतला नववा उडवा, गेला तो पलीकडे. आणि एक नवा आलाय, त्याला तिसरा बसवा. मानाची जागा पाहिजे त्याला." आमच्या धंद्यात हे रोजचंच. पक्षांतराची बातमी पेपरआधी फ्लेक्सवाल्याला कळते.

मला घोर नव्हता, कारण फोटोशॉपमधली फाईल मी लावलेली होती. माझ्याआधी दुकानात जो डिझायनर होता त्याच्या फाईलीत दोनशेच्या वर लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले थर, सगळे 'लेयर ४७ कॉपी ३' थाटाचे, एकही ग्रुप नाही. त्यात मजकूर श्रीलिपीच्या जुन्या मराठी फाँटातला. तो युनिकोड नसल्यामुळे कॅनव्हासवर 'पाटील' दिसतं आणि लेयरच्या यादीत त्याच नावाचा इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा काला होतो. कोणता लेयर कोणाचा, ते लेयरपुढचा डोळा बंद-चालू करून, म्हणजे लेयर लपवून-दाखवूनच कळायचं.

मी सगळं कंट्रोल-जी मारून ग्रुपात घातलं. 'शुभेच्छुक' ग्रुपच्या पोटात दोन ग्रुप, 'फोटो' आणि 'नावं'. चेहऱ्यांभोवतीची पांढरी कड प्रत्येकाला वेगळी द्यायची नाही, 'फोटो' ग्रुपलाच एकदा स्ट्रोक. कार्यकर्त्यांचे फोटो मोबाईलवर उन्हात काढलेले असतात, ते उजळायला त्याच ग्रुपात वर एक कर्व्हज, म्हणजे खालच्यांचा उजेड कमी-जास्त करणारा लेयर. इथे भले भले फसतात. ग्रुपचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेयरशी मिसळायची पद्धत, मुळात 'पास थ्रू' असतो, म्हणजे आतला कर्व्हज ग्रुपच्या खाली जे जे असेल त्यालाही लागतो. कार्यकर्ते उजळले आणि खाली साहेब पांढरेफटक पडले, असा फ्लेक्स मी चौकात टांगलेला पाहिलाय. मोड 'नॉर्मल' केला की कर्व्हज ग्रुपातच राहतो. शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो. निम्मी विसरतात.

तर त्या रात्री नवव्या फोटोचा डोळा बंद केला. डिलीट मी कधीच करत नाही, माणसं परत येतात. तीन ते आठ एक घर उजवीकडे सरकवले, तिसऱ्या जागी नवा बसवला. मग 'नावं' ग्रुप उघडला, नवव्याच्या नावावरच नवं नाव टाईप केलं, फाँट-साईज आयती मिळते म्हणून. आता नावं सरकवायची, तेवढ्यात मशीनवाल्याचा फोन आला, "फाईल कधी देतोस, मशीन रिकामं बसलंय." ग्रुप मिटला, छपाईची टिफ फाईल केली, पाठवली.

प्रत्येक चेहऱ्याखाली नाव होतं. एकही जागा रिकामी नाही, म्हणून नजरेला काही खटकलंच नाही. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सातही नावं चुकलेली. पाचव्या जागेवर फोटो एकाचा आणि नाव त्याच्या चुलतभावाचं. दोघांची बांधावरून कोर्टात केस चालू आहे. ज्या कार्यकर्त्याला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवलं होतं त्याने अंगठा दिला होता. तो स्वतः पहिल्या ओळीत आहे. फ्लेक्सवर माणूस आपलंच तोंड शोधतो, सापडलं की प्रूफ पास.

सकाळी सातला शिडी लावून विनाईलच्या सात पट्ट्या चिकटवल्या, खर्च माझा.

तेव्हापासून डोक्यात एकच. त्या आधीच्या डिझायनरच्या उकिरड्यात ही चूक झाली नसती. त्याचा फोटो आणि नाव एकमेकांना खेटून असायचे, उचलताना दोन्ही एकदम उचलायचा. मी वस्तूंचे ग्रुप केले, माणसांचे नाही. नावांची साईज एकदम बदलता यावी म्हणून केलं, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण यादीवरच्या फिल्टरमध्ये 'टी' दाबला की कुठल्याही ग्रुपातले मजकुराचेच लेयर उरतात, हे मला माहीत होतं. मग वेगळा ग्रुप कशाला? फाईल उघडल्यावर छान दिसते म्हणून, दुसरं काय.

आता प्रत्येक माणसाचा एक ग्रुप, आत फोटो आणि नाव. यादी लांबलचक होते, बघवत नाही.

तीन आठवड्यांनी 'पलीकडे गेलेला' अलीकडे आला. जुनी फाईल उघडून त्याचा डोळा चालू केला. फोटो जागेवर होता. नाव मात्र त्या रात्री मीच खोडून बसलो होतो. पुन्हा टाईप करायला घेतलं, तर त्याचं आडनाव आठवेना.