मॉनिटर घेण्याआधी संगणकाची मागची बाजू बघा

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मॉनिटर बघायला गेलं की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती इंची दाखवू?" इंच म्हणजे पडद्याच्या कर्णाची लांबी, एवढंच. अक्षर किती स्वच्छ दिसेल हे दर इंचात किती पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) बसवलेत यावर ठरतं. २४ इंची फुल एचडी (१९२० × १०८० पिक्सेल) पडद्यावर दर इंचाला ९२ पिक्सेल येतात. तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर ताणलं की ८२ उरतात, म्हणजे जास्त पैसे देऊन अक्षर आणखी भरड होतं. २७ इंचांवर क्यूएचडी (२५६० × १४४०) घेतलं तर आकडा १०९ वर जातो, फोर-के (३८४० × २१६०) घेतलं तर १६३ वर. ३२ इंची फोर-केला १३८ मिळतात.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला हा फरक इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त जाणवतो. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर, हे सगळं एकाच ओळीच्या उंचीत बसवायचं असतं. ११ पॉइंटच्या मजकुराला विंडोजमध्ये १०० टक्के स्केलिंगवर (म्हणजे मजकूर मोठा न करता) सुमारे १५ पिक्सेल मिळतात. तेवढ्यात 'राष्ट्रीय' मधला 'ष्ट्री' कसाबसा मावतो, आणि 'द्ध' की 'द्व' हे डोळे बारीक करून ठरवावं लागतं. २७ इंची फोर-केवर १५० टक्के स्केलिंग ठेवलं की मजकुराचा आकार वाचण्याजोगा राहतो आणि त्याच अक्षरांना २२ पिक्सेल मिळतात. मुद्रितशोधक, डीटीपीवाले, न्यायालयासाठी मराठीत अर्ज टाइप करणारे, एमपीएससीच्या पीडीएफ दिवसभर वाचणारी मुलं, या सगळ्यांनी रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो) आणि रंगीत दिव्यांपेक्षा या आकड्यावर पैसे खर्चावेत, असं माझं ठाम मत आहे.

पण फोर-के मॉनिटर घरी आणला आणि संगणकाला तो नीट चालवता आला नाही, तर पैसे वाया. म्हणून आधी सीपीयूची मागची बाजू बघा. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट हे मॉनिटर जोडायचे दोन पोर्ट. एचडीएमआय १.४ चा पोर्ट फोर-के फक्त ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, देतो. चित्र दिसतं, पण माउसचा बाण अडखळत सरकतो आणि पान स्क्रोल करताना अक्षरं फुटतात. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा एचडीएमआय बहुतेक वेळा १.४ असतो, काही बोर्डांवर वेगळी चिप लावून २.० दिलेला असतो, ते बोर्डाच्या माहितीपत्रकात कळतं. अशाच जुन्या ऑफिस मशीनवर डिस्प्लेपोर्ट असेल तर तो फोर-केला ६० हर्ट्झ देऊ शकतो. जुनं मशीन घेताना हा पोर्ट आहे का ते आवर्जून बघा. फक्त व्हीजीए (मॉनिटरचा जुना पोर्ट) आणि एचडीएमआय असलेल्या डेस्कटॉपला स्वस्त ग्राफिक्स कार्ड घालायचं ठरवलं, तर जीटी ७१० घेऊ नका, त्याचाही एचडीएमआय १.४ च आहे. जीटी १०३० ला २.० मिळतो.

लॅपटॉपचं टाइप-सी छिद्र दिसलं म्हणजे मॉनिटर चालेलच असं नाही. काही टाइप-सी फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (टाइप-सीतून चित्र पाठवायची सोय) आहे का, हे लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवरून तपासा. स्वस्त टाइप-सी हबमधून (एका छिद्राला अनेक पोर्ट जोडणाऱ्या डबीतून) तर बऱ्याचदा फोर-के ३० हर्ट्झच येतं, कारण अर्ध्या तारा यूएसबीच्या डेटासाठी राखलेल्या असतात. हबच्या खोक्यावर "फोर-के" लिहिलेलं पुरत नाही, शेजारी ६० हर्ट्झ लिहिलेलं हवं.

पोर्ट बरोबर, केबल बरोबर, तरी ३० हर्ट्झच? मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत जा. काही मॉनिटर कारखान्यातून एचडीएमआय १.४ च्या सुसंगत मोडवर येतात. तिथे २.० किंवा 'अल्ट्रा एचडी डीप कलर' असा पर्याय चालू करावा लागतो. मग विंडोजमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून ६० हर्ट्झ निवडा. त्याच पानावर रंगाचा प्रकार आरजीबी आहे ना ते बघा. ४:२:० (रंगाची माहिती कमी करून पाठवणं) असं काही दिसलं तर लाल-निळ्या अक्षरांच्या कडा फिसकटणारच. ४३ इंची फोर-के टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांना हाच त्रास होतो, आणि त्यात पिक्सेल दर इंचाला १०२ च पडतात.

जुनं सॉफ्टवेअर ही दुसरी अडचण. पेजमेकरसारखा जुना प्रोग्रॅम १५० टक्के स्केलिंगवर धुरकट दिसतो, कारण विंडोज त्याचं लहान चित्र ओढून मोठं करतं. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' इथे जाऊन स्केलिंग 'अ‍ॅप्लिकेशन'कडे सोपवलं की मजकूर स्वच्छ होतो, पण मेन्यू बारीक होतात. दिवसभर त्याच प्रोग्रॅममध्ये काम असेल तर फोर-केच्या मागे लागू नका. २७ इंची क्यूएचडी १०० टक्क्यांवर छान चालतो, साधारण पंधरा हजारांच्या आसपास मिळतो आणि एचडीएमआय १.४ वरही त्याला सहसा ६० हर्ट्झ मिळतात. आयपीएस पॅनेलच्या फोर-केसाठी वीस ते अठ्ठावीस हजार धरून चाला. मॅकवाल्यांनी मात्र क्यूएचडी टाळावा, कारण २०१८ च्या मॅकओएस मोजावेपासून सबपिक्सेल स्मूदिंग (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची सोय) काढून टाकल्याने कमी घनतेवर अक्षर तिथे पुसट दिसतं.

पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार, आयपीएस घ्या. व्हीए या दुसऱ्या प्रकाराचा काळा रंग जास्त गडद असतो, पण काळी अक्षरं स्क्रोल होताना मागे सावली ओढतात. खोक्यावरच्या एचडीआरकडे (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवायची सोय) दुर्लक्ष करा. ३०० निट्स उजेडाच्या पडद्यावर त्याचा काही उपयोग नाही. उंची कमी-जास्त होणारा स्टँड मात्र खरंच मोलाचा. तो नसेल तर मागे १०० × १०० मिलिमीटरची व्हेसा (आर्म बसवायची ठरावीक मापाची) छिद्रं आहेत ना ते बघा, म्हणजे पुढे आर्म बसवता येईल.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात चालवण्याची मर्यादा ४० अंश असते, आणि मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वर जातो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मॉनिटर भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. कूलरचा झोत थेट पडद्यामागे येऊ देऊ नका. दमट हवेबरोबर धूळ जाळ्यांत बसते. २७ इंची फोर-के साधारण ३० ते ४५ वॉट घेतो. तेव्हा ६०० व्होल्ट-अँपिअरच्या (व्हीए) यूपीएसवर साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून फाइल सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर लावू नका.

दुकानात स्वतःचा लॅपटॉप आणि केबल घेऊन जा. जोडाक्षरांनी भरलेली मराठी पीडीएफ १०० टक्क्यांवर उघडा, हात लांब करून बोटं पडद्याला टेकतील एवढ्या अंतरावर बसून वाचा. मग पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी पाच चित्रं लावून ठिपका शोधा. एखाद-दुसरा मृत पिक्सेल अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, म्हणून तो बिल होण्याआधीच सापडायला हवा. ऑनलाइन मागवत असाल तर ४४० ने सुरू होणारा आपला पिन कोड टाकून ऑनसाइट सेवा आहे का ते पाहा, खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपेपर्यंत थर्माकोल फेकू नका. बिलावर मॉनिटरचा अनुक्रमांक लिहून घ्या. व्यवसायासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांकही टाकायला सांगा, म्हणजे १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं.